हजेरीपटातला वासाचा रकाना

मंदा,

काल दुपारी तुझं ते भाड्याचं ऑक्सिजनचं मशीन परत घेऊन गेले. दोन माणसं आली होती. एकानं नळी गुंडाळली, दुसऱ्यानं मशीन फडक्यानं पुसलं आणि कागदावर माझी सही मागितली. सही करताना त्यानं विचारलं, "पेशंट बरे झाले वाटतं?" त्याला कोणी सांगितलं नसावं. मी "हो" म्हणालो. आपली लेक रेश्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण त्या माणसाला काही सांगितलं नाही.

तुझं सगळं रीतीप्रमाणे झालं. गावाकडची माणसं आली आणि गेली. जो तो खांद्यावर हात ठेवून एकच बोलायचा, "सुटली बिचारी." मी मान हलवायचो. मनात यायचं, सुटली म्हणजे कशातून? तुझा आजार काही सटवाईनं कपाळावर लिहिलेला नव्हता. तो हवेतून आला. त्या हवेत थोडा हात माझाही होता, आणि दुसरी एक गोष्ट मी त्याहून वाईट केली. ती तुझ्यासमोर कधी बोललो नाही, म्हणून आता लिहायला बसलोय.

लग्न होऊन तुर्भ्याला आलीस तेव्हा आपली खोली डोंगराच्या पायथ्याला, चढावर होती. नळ खाली. डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन तू चढ चढायचीस आणि वर पोचल्या पोचल्या शेजारणीशी बोलत उभी राहायचीस. मी रिकाम्या हातानं मागून यायचो, तरी दोनदा थांबायचो. "आमाला चढाची सवय हाय," म्हणायचीस. वरच्या बाजूला खाणीत दगड फुटायचा, खालून ट्रक जायचे आणि मधे आपण. दोरीवरच्या कपड्यांवर रोज पांढरी पूड बसायची. कपडे झटकले की झालं, असं वाटायचं. छातीत गेलेली पूड झटकायची कशी, हा विचार त्या वयात कोण करतं?

मी पंपाचा मिस्त्री. ट्रकच्या इंजिनाला डिझेल पुरवणारा जो पंप असतो, तो खोलायचा, साफ करायचा, परत बसवायचा. ट्रक टर्मिनलवर माझं नाव होतं ते धुरावरून गाडीचं दुखणं ओळखणारा म्हणून. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. निळसर असला तर ऑइल जळतंय. लांबून गाडी येताना दिसली की ड्रायव्हर खाली उतरायच्या आत मी सांगायचो काय बिघडलंय ते. आणि घरात माझ्या शेजारी बसून भाजी निवडणाऱ्या बाईचा श्वास अर्ध्यात अडकतोय, हे मला चार वर्षं कळलं नाही.

तुझ्या अंगणवाडीतल्या पोरांना ते माझ्याआधी कळलं. तू सेविका म्हणून लागलीस तेव्हा अंगणवाडीची खोली ट्रकच्या रस्त्याला लागूनच होती. एक दार, एक खिडकी आणि दोन्ही रस्त्याकडे. बडबडगीत म्हणताना तू ओळीच्या मधेच थांबायला लागलीस. पोरांना वाटलं बाईंनी नवा खेळ काढला. तू थांबलीस की ती उरलेली ओळ ओरडून पुरी करायची. हे तू मला हसत हसत सांगितलंस, आणि मीही हसलो. वर म्हणालो, "बरंय की, तुझं काम कमी झालं." हे वाक्य आता मला जेवताना सुद्धा आठवतं.

शेवटी रेश्मानं हट्ट धरला आणि आपल्याला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वयस्कर, सावकाश बोलणारे. त्यांनी पहिला प्रश्न मला केला, "घरात विडी-सिगारेट कोण ओढतं?" मला राग आला. म्हणालो, आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा नसतं. मग त्यांनी तुला नळीत फुंकायला लावलं. "जोरात, थांबू नका, अजून, अजून." तू तीनदा फुंकलंस. तिसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं तरी तू म्हणालीस, "चुलीत फुंकून फुंकून समदी फुंकर संपली बगा, डॉक्टर."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पेन उचललं. "कितव्या वर्षापासून चुलीपुढे?"

"सात-आठ असंल. आई रानात जायची."

"लाकडं?"

"मिळंल ते. पावसात ओली लाकडं, शेणी. दार लावून घ्यायचं, न्हाईतर पानी आत."

मग खाणीची पूड, मग ट्रकचा रस्ता. एकेक विचारत गेले आणि लिहीत गेले. शेवटी माझ्याकडे वळले, "आणि तुम्ही काय करता?" मी सांगितलं. त्यांनी तेही लिहिलं. तो कागद मला गुन्ह्याच्या पंचनाम्यासारखा वाटला.

मग त्यांनी चित्र काढून समजावलं. मोठी धूळ नाकात अडते, शिंकेबरोबर बाहेर पडते. बारीक धूळ आणि धूर अडत नाहीत. ते नळ्यांतून खाली खाली जातात, अगदी शेवटी द्राक्षाच्या घोसासारखे फुगे असतात तिथपर्यंत. वर्षानुवर्षं तसं झालं की नळ्या सुजतात, अरुंद होतात. हवा आत जाते पण पुरी बाहेर येत नाही. सगळ्यात बारीक असतं ते तर रक्तातही उतरतं, म्हणून पुढे हृदयालाही त्रास होतो. "विडी ओढणाऱ्याला निदान ती विझवता येते," ते म्हणाले. "ह्यांना ती सोय नव्हती."

मला माझ्या भाषेत एवढंच कळलं की एअर फिल्टर चोक झालाय. विचारलं, "साफ होईल ना?"

"हा बदलून मिळत नाही. आहे तेवढा जपायचा."

मी उठायला लागलो. तू मात्र पदरानं डोळे पुसलेस आणि पुढे सरकलीस. "तुमचं बोलून झालं आसंल तर एक इचारू का? माज्याकडं पस्तीस पोरं हायेत. त्याच रस्त्याला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "मुलांची फुप्फुसं अजून वाढत असतात, बाई. मोठ्यांपेक्षा त्यांना जास्त जपायला हवं." घरी येताना रिक्षात तू तुझ्या आजाराबद्दल एक शब्द काढला नाहीस. खिडकी रस्त्याकडून बुजवून मागच्या भिंतीला पाडता येईल का, एवढंच विचारत होतीस.

तुला तोंडात मारायचा औषधाचा पंप मिळाला. "आता घरात दोन पंप झाले," तू म्हणालीस. "तुमचा धूर काढतोय आन माजा धूर सोसतोय." तू चेष्टेत बोललीस. मी ती चेष्टा आहे असंच धरलं.

भांडण झालं ते त्याच आठवड्यात. तुला माझ्या कामातलं सगळं माहीत होतं, मीच सांगितलेलं. घाट चढताना गाडी ओढत नाही म्हणून ड्रायव्हर यायचे आणि म्हणायचे, मिस्त्री, पंप थोडा वाढवून द्या. जुन्या गाड्यांमध्ये एक स्क्रू अर्धा फेरा फिरवला की डिझेल जास्त सुटतं. गाडी ओढते आणि मागे काळ्या धुराचा लोट निघतो. तू भाकरी थापता थापता विचारलंस, "तो स्क्रू फिरवला की धूर वाढतो ना?"

"थोडा."

"मग तो थोडा जातो कुठं?"

मी म्हणालो, "मी नाही फिरवला तर शेजारचा फिरवेल."

"शेजारच्याला त्याची बायको इचारंल. मी तुमाला इचारते."

मी ताटावरून उठलो. दोन दिवस बोललो नाही. मग तुला सांगितलं की बंद केलं. मंदा, ते तेव्हा खरं नव्हतं. कमी केलं होतं. बंद व्हायला त्यापुढे एक वर्ष गेलं.

तू तोवर तुझ्या कामाला लागली होतीस. हजेरीपटाच्या शेवटी शेऱ्यासाठी एक रकाना असतो, तो बहुतेक कोरा राहायचा. त्यावर तू लिहिलंस, 'वास'. अंगणवाडीच्या मागच्या कंपनीतून पहाटे काहीतरी सोडायचे. घशाला झोंबणारा, कुजक्या लसणासारखा वास यायचा, आणि उजाडेपर्यंत विरून जायचा. ज्या पहाटे वास आला त्या दिवशी रकान्यात 'हाय', नाही आला तर आडवी रेघ. बाकी हजेरी नेहमीसारखी. चार महिन्यांनी तू ते रजिस्टर माझ्यापुढे ठेवलंस. शिकलेल्या माणसाची गरज नव्हती, डोळ्यांना दिसत होतं. 'हाय' लिहिलेल्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी गैरहजेरी उठून दिसायची. तू त्या पोरांच्या घरी जाऊन आली होतीस. कुणाला दवाखान्यात वाफ द्यायला नेलेलं, कुणी आईच्या मांडीवर बसून झोपलेलं, कारण आडवं पडलं की दम लागायचा. आरोही नावाची ती चार वर्षांची पोर तुझ्या मनाला सगळ्यांत जास्त लागून राहिली होती. श्वास घेताना तिच्या बरगड्यांखाली खड्डा पडायचा, तो तू मला हातानं दाखवलास.

मी म्हणालो, "पोरं हवा बदलली की आजारी पडतातच."

"आसंल. म्हणून तर लिवते. नुसतं बोलले आसते तर तुमी म्हनाला आसता, बाई उगं बोलती."

प्रदूषणाच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी कार्यालयात तू एकटी गेलीस. तिथल्या साहेबांनी सांगितलं की चौकातल्या बोर्डावर हवेचा आकडा समाधानकारक आहे. "तो बोर्ड बागंच्या कडंला हाय साहेब," तू म्हणालीस, "आमची खोली ट्रकच्या रस्त्याला हाय. पोरं बोर्डाखाली बसत न्हाईत." ते म्हणाले, मोजमाप यंत्रावर होतं, हजेरीपटावर नाही. पण शेजारच्या टेबलावर सावंत मॅडम बसल्या होत्या. नव्यानं लागलेली तरुण इंजिनिअर पोरगी. तिनं रजिस्टर मागून घेतलं, पानं उलटली आणि विचारलं, "हा वास नेमका किती वाजता येतो?" येत्या गुरुवारी पहाटे स्वतः येऊन बघते, असं तिनं तुला सांगितलं. घरी आलीस तेव्हा तुला चढ चढून धाप लागली होती, पण चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता इतका खुशीत होता.

आता ती दुसरी गोष्ट सांगतो.

बुधवारी दुपारी बबन शेठ गॅरेजवर आले. त्यांच्या गाड्या त्याच कंपनीचा माल वाहायच्या आणि माझं निम्मं काम त्यांच्याकडून यायचं. चहा मागवला. ते आपुलकीनं म्हणाले, "वहिनींची तब्येत काय म्हणते?" मी म्हणालो, "तब्येतीचं काय, उद्या पहाटे मॅडमला घेऊन निघालीय, तुमच्या कंपनीचा वास द्यायला." आणि हसलो. तेही हसले. चहा संपवून गेले.

एवढंच बोललो. तोंडातून निसटलं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. पण ते बोलण्याआधी मी चहाचा एक घोट घेतला होता, तो घोट मला लख्ख आठवतो. म्हणजे विचार करायला वेळ होता. मी विचार केला आणि मग बोललो.

गुरुवारी पहाटे तू आणि मॅडम अंगणवाडीमागे दीड तास उभ्या राहिलात. वास आला नाही. हवा अशी की खाडीवर उभं राहिल्यासारखी. मॅडमनी लिहून घेतलं की पाहणीत काही आढळलं नाही. त्या तुला वाईट बोलल्या नाहीत, पण तुला ते जास्त लागलं. घरी येऊन तू चपला न काढता बसलीस. "आज नेमकं वारं फिरलं," म्हणालीस. मी म्हणालो, "हो, वारं फिरलं असेल."

शुक्रवारी वास परत आला, आणि आधीपेक्षा उग्र. तू रकान्यात 'हाय' लिहिलंस आणि माझ्याकडे पाहिलंस. काही विचारलं नाहीस. मी पेपर वाचत होतो. म्हणजे डोळ्यांपुढे धरला होता.

पुढे दीड-दोन महिन्यांनी तू नेरूळला रेश्माकडे दोन दिवस राहायला गेलीस. मला बरंच वाटलं, तिच्याकडे हवा जरा मोकळी. तू परत आलीस आणि आठवड्याभरात अंगणवाडीच्या छपरावर एक मोजणीचं यंत्र बसलं. मी चकित झालो. तेव्हा तू सांगितलंस की मॅडम दुसऱ्यांदा येऊन गेल्या, तू रेश्माकडूनच पहाटे तिथं गेली होतीस, त्या वेळी वास होता आणि मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मला सांगितलं नाहीस?" मी विचारलं. "तुमची झोपमोड कशाला," तू म्हणालीस. मी विश्वास ठेवला. ठेवायला सोपं होतं.

फार मोठं काही घडलं नाही, हे तूच म्हणायचीस. कंपनीला नोटीस गेली. पहाटेचा वास कमी झाला, थांबला नाही. रस्त्यावर पाण्याचा टँकर फिरायला लागला, मग मधेच बंद पडला, मग तू परत अर्ज दिलास. पण अंगणवाडी हलली. आत गल्लीत, देवळामागच्या खोलीत. तिथं दोन खिडक्या, दोन्ही डोंगराकडे. त्या हिवाळ्यात आरोहीला वाफ द्यायला एकदाच न्यावं लागलं. तू रोज घरी आलीस की तिच्या पळण्याची बातमी द्यायचीस, जशी बाकीचे लोक क्रिकेटची देतात.

तुझ्या छातीला मात्र ह्यातलं काही पोचलं नाही. ती गेलेली होती तेवढी गेलेली होती.

डॉक्टरांनी मोकळ्या हवेत बसायला सांगितलं म्हणून आपण रविवारी सारसोळ्याला खाडीवर जायला लागलो. जेट्टीजवळ मासळी घेऊन बसणारी ती कोळीण तुला ओळखायला लागली होती. तुझी धाप बघून तिनं आपली पाटी सरकवून जागा केली होती. "बस गो बाय. वाऱ्याला अजून कुनी कंपाउंड घातला नाय." तू हसलीस आणि बसलीस. भरती येत होती. बऱ्याच वेळानं तू मला विचारलंस, "हा वारा आपल्याकडं येऊस्तवर कुठं हरवत आसंल?" मला तेव्हाच सांगायचं होतं. खरंच सांगणार होतो, मंदा. गुरुवारचा वारा हरवला नव्हता, मीच त्याला वाट दाखवली होती, असं काहीतरी वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात तू म्हणालीस, "बरं वाटतंय मला आज." मग मी बोललो नाही. तुझं बरं वाटणं मोडायला नको, हे कारण मी स्वतःला दिलं. असली कारणं मला नेहमी वेळेवर सापडतात.

तुझे ते आठ-नऊ रविवार माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते, हेही सांगायचं राहिलं. आपण तरुण असताना कधी कुठं बसलो नव्हतो. तू आजारी पडलीस म्हणून बसलो. परत येताना तू माझा दंड धरायचीस आणि मी तुझ्या पावलानं चालायचो. वीस पावलं, थांबा. पुन्हा वीस पावलं. लोकांना वाटायचं म्हातारा-म्हातारी रमतगमत चाललीत.

ह्या दिवाळीनंतर हवा जड झाली. समोरची इमारत दुपारीसुद्धा धुकट दिसायची. तुला ताप आला, मग रुग्णालय. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आखडली की हृदयाला रक्त पुढे ढकलायला जोर लावावा लागतो, ते आता दमलंय. चौथ्या दिवशी दुपारी रेश्मा तुला पेज भरवून डबा धुवायला गेली होती. तोंडावर मास्क होता. तू बोटानं खिडकी दाखवलीस, उघडा म्हणून. मी म्हणालो, "नको, आज बाहेरची हवा वाईट आहे." तू मान हलवलीस, समजुतीनं, जशी पोरांपुढे हलवायचीस. अर्ध्या तासात तू गेलीस. बत्तीस वर्षांच्या संसारात मी तुझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य ते.

ते मशीन गेलं त्याच्या आदल्या दिवशी सावंत मॅडम आल्या. आता मोठ्या हुद्द्यावर आहेत, पण पायऱ्या चढून आल्या आणि तुझ्या फोटोपुढे बराच वेळ बसल्या. रेश्मानं चहा दिला. निघताना त्या म्हणाल्या, "काका, एक विचारू? ताईंनी मला दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा बजावलं होतं, घरी फोन करू नका, मिस्टरांना कळू देऊ नका. मी विचारलं, त्यांचा विरोध आहे का? तर म्हणाल्या, 'विरोध न्हाई. माणूस चांगला हाय. पर त्याचं पोट त्या लोकांवर हाय. त्याला पुन्यांदा खोटं बोलायची पाळी कशाला आनायची?' ते 'पुन्यांदा' मला तेव्हा कळलं नव्हतं."

मला कळलं.

म्हणजे तुला शुक्रवारीच कळलं होतं. त्यानंतर सहा वर्षं तू माझ्यासोबत जेवलीस, माझ्या हातून पाठीला तेल लावून घेतलंस, माझा दंड धरून खाडीवर चाललीस, आणि एकदाही ते काढलं नाहीस. मला वाटत होतं मी तुझ्यापासून लपवतोय. लपवत तू होतीस, तुला कळलंय हे. भांडायला श्वास लागतो आणि तुझ्याकडे तो मोजका होता. तो तू माझ्यावर घालवला नाहीस तो मला माफ केलंस म्हणून, की मी तेवढ्या लायकीचा वाटलो नाही म्हणून, हे मला कधी कळणार नाही. दोन्ही खरं असेल.

मी मॅडमना तिथंच सांगितलं, रेश्मासमोर. "त्या गुरुवारी वारं फिरलं नव्हतं. आदल्या दिवशी मी त्यांच्या ठेकेदाराला सांगितलं होतं." रेश्मा उठून आत गेली. मॅडम म्हणाल्या, "काका, हे लिहून द्याल?" मग त्यांनी समजावलं. तुझ्या अर्जावर अजून सुनावण्या चालू आहेत, आणि प्रत्येक वेळी कंपनी तीच पहिली पाहणी पुढे करते, काही आढळलं नव्हतं म्हणून. त्या दिवशी आधी खबर गेली होती हे कागदावर आलं, तर त्या पाहणीला अर्थ राहत नाही.

आज सकाळी मी कार्यालयात गेलो. तुझे सगळे हजेरीपट पिशवीत घेतले होते. दोन पानं लिहिली. बबन शेठचं नाव लिहिलं, माझंही. तिथला कारकून म्हणाला, तक्रारदार हयात नसेल तर फाइल बंद करता येते, नाहीतर घरच्या कुणाला तरी नाव लावावं लागेल. मी नाव लावलं. तुझ्या नावाखाली आता माझं नाव आहे, आणि नात्याच्या जागी 'पती'.

रेश्मा माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती. पण आज ती कार्यालयाच्या बाहेर उभी होती. माझी पिशवी तिनं घेतली. मग ती म्हणाली, "आईची ह्यात सात वर्षं गेली, पप्पा. तुम्हाला जमेल?"

मी म्हणालो, "माझा दम अजून शाबूत आहे."

बोललो आणि लाज वाटली. तुझ्या आधी माझा जायला हवा होता. धुरात तर मी उभा होतो. पण आहे तो शाबूत, मंदा. पुढची सुनावणी सोमवारी आहे, आणि मी जाणार आहे.